लहान ओढ्यातील ट्राउटसाठी हलका फ्लाय रॉड कसा निवडावा: गोव्याहून जाणाऱ्या नवख्यांसाठी

गोव्यात गरी घेऊन पाण्याकाठी बसणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. दुर्भाटच्या धक्क्यावर शेवटो आणि काळुंदर गरवण्यात माझे लहानपण गेले, पुढे चणकच्या नादाने झुवारीकाठच्या रात्री जागवल्या, आणि त्यामुळे हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जायचे ठरवले तेव्हा आपल्याला फारसे शिकायचे उरलेले नाही, असा माझा समज झाला होता. तो समज पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत धुऊन निघाला. माझ्या हातात असलेला रॉड चांगला होता, महाग होता आणि त्या पाण्यासाठी पूर्णपणे चुकीचा होता. त्यानंतरच्या खेपांत जे उमगले, ते येथे क्रमाने मांडत आहे. मत्स्यालयासारख्या स्वच्छ पाण्यात समोर उभा दिसणारा मासा आणि त्याच्यापर्यंत न पोहोचणारी आपली लाइन, हा अनुभव तुम्हाला निदान रॉडच्या चुकीमुळे येऊ नये, एवढाच हेतू आहे.

१. आधी पाणी ठरवा, मग रॉड

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो, त्यामुळे म्हादई किंवा खांडेपारच्या पाण्यात तो असण्याचा प्रश्नच येत नाही. भारतातही तो मूळचा नाही. इंग्रजांच्या काळात ब्राऊन ट्राउटची अंडी जहाजाने आणून १९०० साली काश्मिरात आणि १९०९ साली कुलू खोऱ्यात हा मासा रुजवण्यात आला. आज गोव्यातील माणसाला सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे कुलू जिल्ह्यातील तीर्थन नदी आणि तिला गुशैणी येथे मिळणारा फलाचन हा ओढा. हा लेख त्याच प्रकारच्या पाण्यासाठी आहे: दहा ते तीस फूट रुंद, मोठमोठ्या धोंड्यांमधून उड्या घेत जाणारे, धोंड्यांच्या मागे अंगणाएवढी किंवा त्याहूनही लहान शांत जागा असलेले, आणि दोन्ही काठांवर झाडी वाकलेली. काश्मीरमधील लिद्दरसारख्या रुंद नदीवर जाणार असाल, तर येथील सल्ल्यातील बराचसा भाग तुम्हाला लागू पडणार नाही आणि ९ फुटी ५ नंबरचा सर्वसाधारण रॉड घेणेच शहाणपणाचे ठरेल.

२. रॉडवरील आकडे वाचायला शिका

आपल्या गरीला शिसे बांधलेले असते. ते शिसे फेकले जाते आणि दोरी त्याच्या मागोमाग जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे सारे उलटे आहे. गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या फ्लायला जवळजवळ वजनच नसते, म्हणून येथे वजन लाइनला दिलेले असते. फेकली जाते ती जाड, लेपन केलेली लाइन, आणि फ्लाय तिच्यामागून ओढली जाते. त्यामुळे रॉडचा नंबर म्हणजे त्याची ताकद किंवा दर्जा नव्हे, तर त्या रॉडने कोणत्या वजनाची लाइन फेकायची, याची ती खूण आहे.

हे वजन लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे मोजतात आणि ते ग्रेनमध्ये सांगतात. १ नंबरची लाइन ६० ग्रेन, २ नंबरची ८०, ३ नंबरची १००, ४ नंबरची १२० आणि ५ नंबरची १४० ग्रेन. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. १ ते ३ नंबरच्या रॉडना सामान्यतः अल्ट्रालाइट म्हणतात. काही जण ४ नंबरलाही त्यांच्यात बसवतात.

मुठीच्या वर रॉडवर ‘७६३-४’ असे काही छापलेले असते. त्याचा अर्थ ७ फूट ६ इंच लांब, ३ नंबरची लाइन, ४ तुकडे. दुकानदाराने काहीही सांगितले, तरी आधी हे वाचावे.

येथेच पहिला सापळा आहे, आणि मी त्यात अडकलेलो आहे. आपल्याकडील दुकानांत आणि ऑनलाइन ‘अल्ट्रालाइट रॉड’ मागितला, की बहुधा स्पिनिंगचा अल्ट्रालाइट रॉड समोर येतो. तो १ ते ७ ग्रॅमची धातूची किंवा प्लॅस्टिकची आमिषे फेकण्यासाठी असतो आणि त्यावर फ्लायची लाइन चालत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. फ्लाय रॉडमध्ये रील मुठीच्या मागे, अगदी बुडाशी बसते आणि लाइन जाण्याच्या कड्या बारीक, सापासारख्या वळलेल्या तारेच्या असतात. स्पिनिंग रॉडमध्ये रीलची जागा मुठीच्या मध्ये असते आणि पहिली कडी भली मोठी असते. छायाचित्रात रीलची जागा दिसत नसेल, तर तो रॉड मागवू नका.

३. प्रत्यक्षात किती लाइन बाहेर असेल, याचा हिशेब करा

या लेखातील एकच भाग वाचायचा असेल, तर हा वाचावा, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली आणि बहुतेक नवख्यांची येथेच होते.

लहान ओढ्यावर मासा तुमच्यापासून २५ फुटांवर असेल, तर ते अंतर लांब मानावे. त्या २५ फुटांतून रॉडची लांबी साडेसात फूट वजा करा, लाइनच्या टोकाला जोडलेल्या पारदर्शक लीडरचे साडेसात फूट वजा करा, म्हणजे रॉडच्या टोकाबाहेर प्रत्यक्षात जेमतेम १० फूट लाइन राहते. पण रॉडचा नंबर ठरला आहे तो ३० फुटांच्या वजनावर. ३ नंबरच्या लाइनचे ३० फूट साडेसहा ग्रॅमचे असतील, तर १० फूट सुमारे दोन ग्रॅमचे होतील. आणि लाइनचे टोक निमुळते असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. एक रुपयाच्या नाण्याहून कमी वजनाने रॉड वाकला पाहिजे, कारण वाकलेला रॉड सरळ होतानाच लाइन पुढे जाते. ताठ रॉड एवढ्याशा वजनाला दादच देत नाही. मग आपण हाताने जोर लावतो, लाइन वेटोळे होऊन पाण्यावर आपटते आणि धोंड्यामागचा मासा निघून जातो.

बाजारात ‘फास्ट अ‍ॅक्शन’ हा मोठेपणा म्हणून मिरवला जातो. फास्ट म्हणजे फक्त टोकाशी वाकणारा आणि झटकन सरळ होणारा रॉड. तो लांब फेकीसाठी उत्तम असतो. दुकानाबाहेर उभे राहून ५० फूट लाइन फेकून पाहिली, की तोच सर्वांत आवडतो, आणि म्हणूनच तो विकला जातो. मलाही तो असाच आवडला होता. लहान ओढ्यासाठी मात्र मध्यापासून किंवा मुठीपर्यंत सावकाश वाकणारा, म्हणजे ‘मीडियम’ किंवा ‘स्लो’ अ‍ॅक्शनचा रॉड घ्यावा. रॉड हाती घेऊन पाहता येत असेल, तर फक्त १० फूट लाइन बाहेर काढून फेकून पाहावी. त्याहून जास्त लाइन काढण्याचा मोह दुकानदाराला होईल. तुम्ही होऊ देऊ नका.

दोन रॉडांत कोणता मऊ, हे ठरवण्याची एक घरगुती रीत आहे. रॉडची मूठ टेबलावर घट्ट धरून रॉड आडवा ठेवावा, टोकाशी हलकी प्लॅस्टिकची पिशवी अडकवावी आणि रॉडचे टोक त्याच्या लांबीच्या एक तृतीयांश इतके खाली येईपर्यंत पिशवीत एकसारखी नाणी एकेक करून टाकावीत. ज्या रॉडला कमी नाणी लागतील, तो अधिक मऊ. छापलेला नंबर सारखा असूनही दोन कंपन्यांच्या रॉडांत किती फरक निघतो, हे पाहून आश्चर्य वाटते.

ताठ रॉड आधीच विकत घेऊन बसला असाल, तर तो टाकून देण्याची गरज नाही. त्यावर एक नंबर जड लाइन चढवावी. ३ नंबरच्या रॉडवर ४ नंबरची. जवळच्या फेकीत रॉड लगेच जिवंत होतो. माझा तो महाग रॉड आजही असाच वापरात आहे.

४. नंबर: पहिला रॉड ३ चा घ्यावा

१ आणि २ नंबरचे रॉड फार गोड असतात. वीतभर ट्राउटसुद्धा त्यांवर मोठा वाटतो. तरीही पहिला रॉड म्हणून ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तीर्थनसारख्या डोंगरी खोऱ्यात दिवस तापला की वारा खोऱ्यातून वर वाहू लागतो आणि हलकी लाइन त्याच्यापुढे टिकत नाही. शिवाय पाण्याखाली बुडवायच्या थोड्या जड फ्लाय, म्हणजे मणी बसवलेल्या निम्फ, २ नंबरच्या लाइनला नीट ओढवत नाहीत. फार मऊ रॉडवर मासा लवकर काठाशी येत नाही, खूप वेळ झुंजतो आणि सोडून दिल्यावरही दमल्यामुळे मरू शकतो. आणि आपल्याला तो सोडायचाच असतो. ३ नंबर या सर्वांच्या मध्ये बसतो.

५. लांबी: साडेसहा ते साडेसात फूट

झाडी फार दाट असेल, तर साडेसहा फूट. माझी पसंती साडेसात फुटांना आहे. धोंड्यांमधील पाण्यात जवळच्या वेगवान धारेवरून लाइन उचलून धरावी लागते, नाही तर धार लाइनला ओढते, फ्लाय पाण्यावर नैसर्गिकपणे न तरंगता फरफटत जाते आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. लाइन उचलून धरायला लांबी उपयोगी पडते, फांद्यांखाली फेकायला आखूडपणा. साडेसात फुटांत दोन्ही साधतात.

या ठिकाणी जपानी टेंकाराचा उल्लेख करणे भाग आहे. त्यात रील नसते, अकरा ते तेरा फुटांचा, एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांचा रॉड असतो आणि त्याच्या टोकालाच ठरावीक लांबीची दोरी बांधलेली असते. आपल्या बांबूच्या गरीशी त्याचे इतके साम्य आहे की गोव्यातील माणसाचा हात त्यावर तासाभरात बसतो. मोकळ्या ओढ्यासाठी तो उत्तम आहे. फांद्या खाली आलेल्या जागी मात्र त्याची लांबी नडते.

६. ग्राफाइट, फायबरग्लास की बांबू

फायबरग्लास घ्यावा. तो मुळातच सावकाश वाकतो, १० फूट लाइनला प्रतिसाद देतो, धोंड्यावर आपटला तरी सहसा तग धरतो आणि ग्राफाइटपेक्षा स्वस्तही मिळतो. जाणकार त्याला जुनाट म्हणतील, म्हणू द्यावे. ग्राफाइट हलका असतो, पण घ्यायचाच असेल तर ‘मीडियम’ लिहिलेला पाहून घ्यावा. बांबूचे रॉड चीनच्या टोंकिन बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून करतात आणि ते देखणे असतात. आपल्या दमट हवेत त्यांची निगा राखणे हा स्वतंत्र उद्योग आहे, तो नवख्याने अंगावर घेऊ नये.

ग्राफाइटबाबत एक इशारा गंभीरपणे घ्यावा. ग्राफाइटमधून वीज वाहते. आपल्या गावांत विजेच्या तारा रस्त्याकडेने आणि माडांमधून खाली लोंबत गेलेल्या असतात. तारांखाली रॉड उभारू नये, आणि ढग गडगडू लागले की कोणताही रॉड खाली ठेवून दूर व्हावे.

७. रील, लाइन आणि लीडर

लहान ओढ्यात रील ही केवळ लाइन गुंडाळून ठेवण्याची जागा आहे. तिच्यावर फार खर्च करू नये. २-३ किंवा ३-४ नंबरची, टिकटिक आवाजाची साधी रील पुरते. फक्त ती रॉडवर चढवून, मुठीच्या पुढच्या टोकाशी बोट ठेवून तोल पाहावा. रॉड आडवा राहिला, म्हणजे जमले.

लाइन निवडताना मात्र डोके वापरावे. ‘डबल टेपर’ लाइन दोन्ही टोकांना सारखी निमुळती असते, जवळच्या फेकीत ती हळुवार उतरते आणि एक टोक झिजले की उलटी करून वापरता येते. म्हणून खोक्यावर ‘डीटी ३ एफ’ असे लिहिलेली घ्यावी. ‘एफ’ म्हणजे तरंगणारी. गोव्यातील माणसासाठी खास सापळा असा की किनारपट्टीवर समुद्री माशांसाठी मिळणारी ‘ट्रॉपिकल’ लाइन उष्ण हवेसाठी कडक केलेली असते. ती बर्फाच्या पाण्यात तारेसारखी होते आणि तिची वेटोळी सुटता सुटत नाहीत. उलट, थंड पाण्याची लाइन गोव्याच्या एप्रिलमध्ये मऊ आणि चिकट होते. ती खराब निघाली असे समजून परत करू नये. सराव सकाळी लवकर करावा, एवढाच त्यावर उपाय.

लीडर साडेसात फुटांचा आणि त्याच्या टोकाचा टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक धागा, ५ एक्स. या एक्सचा हिशेब असा आहे की ११ मधून तो आकडा वजा केला की टिपेटची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. फ्लायच्या नंबराला, म्हणजे तिच्या गळाच्या मापाला, ३ ने भागले की योग्य एक्स मिळतो. म्हणून १४ किंवा १६ नंबरच्या फ्लायला ५ एक्स. फ्लायच्या गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा. मासा सोडणे सोपे जाते, आणि स्वतःच्या कानात गळ रुतला तर तोही सहज निघतो.

८. कुळागरात सराव

मोकळ्या मैदानावर सराव करणाऱ्याला लांब फेकण्याची सवय लागते आणि ती ओढ्यावर मोडावी लागते. आपल्याकडे त्याहून चांगली जागा आहे: पोफळींचे कुळागर. डोक्यावर झावळ्या, मागे पोफळी, पुढे पाट, मध्ये दहा-पंधरा फुटांची वाट. तीर्थनच्या काठाची याहून चांगली नक्कल मला कुठेही सापडलेली नाही. लीडरच्या टोकाला फ्लायऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधावा, जमिनीवर करवंटी उलटी ठेवावी आणि २० फुटांवरून तिच्यावर लोकर अलगद टेकवावी. रॉड डोक्यावरून न नेता कमरेच्या पातळीत आडवा फिरवायला शिकावे. लोकर दोन बोटांत धरून, रॉड धनुष्यासारखा वाकवून सोडण्याची फेकही घोटून घ्यावी. मागे अजिबात जागा नसते तेव्हा तीच कामी येते. मी रोज अर्धा तास याप्रमाणे तीन आठवडे केले, तेव्हा दहांतील सहा फेकी करवंटीवर पडू लागल्या. बागेत काम करणाऱ्यांची करमणूकही बरी झाली.

डांबरी रस्त्यावर किंवा चिऱ्याच्या अंगणात लाइन ओढू नये. तिचे लेपन खरवडले जाते आणि मग ती तरंगत नाही.

९. कागदपत्रे, हंगाम आणि प्रवास

सोबत पुढील गोष्टी असाव्यात:

- छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि त्याची प्रत
- हिमाचलच्या मत्स्यपालन विभागाचा परवाना, कागदावर छापलेला
- रॉड, रील, जादा लीडर दोन, ५ एक्स टिपेटची गुंडाळी
- फ्लायची डबी, चिमटा, नखकापणी, लहान जाळे
- कठीण नळी, रॉड ठेवण्यासाठी
- लोकरीचे मोजे आणि न घसरणारे बूट

परवाना तारखेनुसार मिळतो, म्हणून तारखा पक्क्या झाल्यावरच काढावा आणि त्यावर लिहिलेली माशांची संख्या, किमान लांबी आणि पाण्याची हद्द वाचून घ्यावी. नदीवर परवाना असला म्हणून तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यावर तो चालेलच असे नाही, काढतानाच विचारावे.

हिमाचलात ट्राउटच्या विणीसाठी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. दिवाळी नोव्हेंबरात आली की दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा बेत फसतो. माझ्या ओळखीचे एक कुटुंब तिकिटे काढून बसल्यावर जागे झाले. चतुर्थीच्या सुट्टीत तेथे पावसाचे गढूळ पाणी असू शकते. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी चढते. शिमग्याच्या आसपासचा मार्च, एप्रिल, आणि नंतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, हे दिवस धरावेत.

मडगावहून चंडीगडला थेट जाणारी गोवा संपर्क क्रांती सोयीची पडते. तेथून मनालीकडे जाणाऱ्या बसने औट, आणि औटहून बंजारमार्गे गुशैणी. साडेसात फुटांच्या चार तुकडी रॉडचा प्रत्येक तुकडा सुमारे ५७ सेंटिमीटरचा असतो आणि नळी त्याहून लांब, त्यामुळे विमानाने जाताना ती हातातील सामानात बसेलच असे धरू नये. गळ तर तपासणीच्या सामानातच टाकावेत. दोन तुकडी रॉड स्वस्त मिळतो म्हणून घेतला, तर रेल्वेच्या डब्यात तो कोठे ठेवायचा, हा प्रश्न दोन रात्री छळतो.

पाण्यात गुडघ्यापेक्षा खोल उतरू नये. तीर्थन पुढे लारजी येथे बियासला मिळते. लारजीच्या धरणाखाली, थलौटजवळ, ८ जून २०१४ रोजी अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. कोरड्या धोंड्यांवर उभे राहून पाणी शांत दिसते म्हणून धरणाच्या खालच्या भागात कधीही उतरू नये.

१०. घरी आणल्यावर

मासा ओढताना रॉड क्वचितच मोडतो. तो मोडतो गाडीच्या दारात आणि छताच्या पंख्यात. घरात रॉड जोडून दाखवण्याची हौस आवरावी, किंवा निदान पंखा बंद करावा. जोड अडकला तर पिळून काढू नये. दोघांनी दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत ओढावा.

आपल्या पावसाळ्यात ओला रॉड नळीत बंद करून ठेवला, तर महिन्याभरात बुचाच्या मुठीवर बुरशी येते आणि रॉडवरच्या वार्निशला फोड येतात. रॉड कापडाने पुसून एक रात्र पंख्याखाली आडवा वाळवावा, नळीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात आणि जून ते सप्टेंबर नळीचे झाकण थोडे सैल ठेवावे. लाइन रीलवरून काढून मोठ्या, सैल वेटोळ्यांत खुंटीला टांगावी. रीलमध्ये खारे वारे शिरत असतील, तर दर महिन्याला गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा एक थेंब द्यावा. आणि तोच रॉड घेऊन झुवारीवर चणकच्या मागे जाऊ नये. त्यासाठी निराळा, जड रॉड लागतो.